पाच नावांचा एक जिवाणू: ‘सीएच३४’ला स्वतःची जाती मिळेपर्यंत

बेल्जियममध्ये लिएज शहराच्या जवळ, म्यूज नदीच्या काठी एंजिस नावाचं गाव आहे. ओळख उशिरा पटण्याचा या गावाला जुनाच अनुभव आहे. १८२९-३० च्या सुमारास तिथल्या गुहेत फिलिप-शार्ल श्मर्लिंग यांना एका लहान मुलाची कवटी सापडली. ती निअँडरथल मानवाची आहे हे ध्यानात यायला १९३६ साल उजाडलं. मधल्या काळात, डिसेंबर १९३० मध्ये, याच खोऱ्यात दाट धुकं साचलं, कारखान्यांचा धूर त्यात अडकून राहिला आणि काही दिवसांत सुमारे ६० माणसं गेली. एंजिस त्या घटनेच्या केंद्रस्थानी होतं. जस्ताचे कारखाने तिथे होतेच.

१९७६ साली इथल्या एका जस्त कारखान्याच्या निवळण टाकीतला गाळ प्रयोगशाळेत आला. सांडपाणी संथ होऊन जड कण जिथे तळाला बसतात, ती ही टाकी. त्या गाळातून माक्स मेर्जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जिवाणू वेगळा काढला आणि त्याला ‘सीएच३४’ असा क्रमांक दिला. भरपूर जस्त असलेल्या माध्यमावर तो खुशाल वाढत होता. पण ही नवी जाती आहे असं रीतसर जाहीर व्हायला २००१ साल यावं लागलं, म्हणजे पंचवीस वर्षं गेली.

इतकी वर्षं का लागली, हाच या प्रकरणाचा विषय. आळस किंवा दुर्लक्ष हे त्याचं कारण नाही. उलट या पंचवीस वर्षांत सीएच३४ हा धातुरोधक जिवाणूंमधल्या सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या स्ट्रेनपैकी एक ठरला (स्ट्रेन म्हणजे एका नमुन्यातून वेगळा काढून वाढवलेला जिवाणूचा वाण). माझ्या मते खरी अडचण अशी की सीएच३४ची जी गोष्ट डोळ्यांत भरत होती, तीच त्याची ओळख पटवायला सगळ्यांत निरुपयोगी होती.

आधी शब्दांचा एक खुलासा. शालेय पुस्तकांत ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस. वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा ‘प्रजाती’ हाच शब्द स्पीशीजसाठी येतो. इथे पुस्तकाची रीत पाळली आहे. नावांचाच गोंधळ सांगायचा असल्याने निदान हा तरी नको.

प्लेटवर जस्त आहे, पण खरंच आहे का?

दूषित मातीतून किंवा गाळातून धातुरोधक जिवाणू काढण्याची रीत ऐकायला सोपी आहे. नमुना पाण्यात मिसळायचा, पायरीपायरीने पातळ करायचा, धातूचा क्षार घातलेल्या आगरवर, म्हणजे प्लेटमध्ये थिजवलेल्या जेलीसारख्या माध्यमावर, पसरायचा आणि काय उगवतं ते पाहायचं. गोम आहे ती आगरमध्ये.

जिवाणूंच्या नेहमीच्या माध्यमांत पीएच स्थिर ठेवायला फॉस्फेट घातलेलं असतं. त्यात जस्ताचा क्षार टाकला की बाटलीत पांढुरकं धुकं दिसतं आणि हलवणं थांबवलं की पांढरा साका तळाला बसतो. हे जस्ताचं फॉस्फेट, जे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे वहीत आपण लिहितो ‘दहा मिलिमोल जस्त’ आणि जिवाणूच्या वाट्याला येतं त्याच्या एका छोट्या अंशाइतकं. पेप्टोन किंवा यीस्टचा अर्क घातलेल्या श्रीमंत माध्यमातही असंच होतं, फक्त साका दिसत नाही. तिथली अमिनो आम्लं आणि पेप्टाइडं धातूचे आयन धरून ठेवतात. अशा प्लेटवर साधासुधा जिवाणूही पहिलवान वाटतो. दोन प्रयोगशाळांचे रोधकतेचे आकडे जुळले नाहीत, तर जिवाणूवर शंका घेण्याआधी माध्यमाची पाककृती मागवावी.

सीएच३४वर काम करणाऱ्यांनी यासाठी ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं, पण फॉस्फेट नसलेलं रसायन) वापरलेलं साधं खनिज माध्यम घेतलं. त्यात फॉस्फेट नावापुरतं आणि कार्बनसाठी ग्लुकोनेट. या माध्यमावर सीएच३४ सुमारे १२ मिलिमोल जस्तापर्यंत तग धरतो. लिटरमागे हे जवळपास ७८५ मिलिग्रॅम जस्त झालं, आणि तेही बहुतांशी मोकळ्या आयनांच्या रूपात. अशाच माध्यमावर ई. कोलाय हा प्रयोगशाळांतला नेहमीचा जिवाणू एका मिलिमोलच्या आसपास हात टेकतो. कॅडमियम, कोबाल्ट, निकेल, तांबं, पारा, क्रोमेट यांच्याशीही सीएच३४ कमीअधिक निभावून नेतो.

म्हणजे काहीतरी वेगळं हाती लागलं होतं, यात वाद नव्हता. ते ‘वेगळं’ कोणत्या पातळीवरचं आहे, एवढाच प्रश्न होता.

पहिलं नाव: खाण्यावरून

सीएच३४ हायड्रोजन ‘खाऊन’ जगू शकतो. सेंद्रिय अन्न मिळालं तर ते घेतो. नाही मिळालं तर हायड्रोजनचं ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतो आणि कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर उभारतो. अशा जिवाणूंचा एक प्रसिद्ध प्रतिनिधी त्या वेळी सगळ्यांना माहीत होता: अल्कॅलिजेनीस युट्रोफस. त्याच्या एच१६ या स्ट्रेनवर जर्मनीत गॉटिंगेनला हान्स श्लेगल यांच्या गटाने वर्षानुवर्षं काम केलं होतं. सीएच३४ दिसायला, वागायला आणि हायड्रोजनच्या बाबतीत त्याच्यासारखाच होता. तेव्हा त्याला अल्कॅलिजेनीस युट्रोफसचाच एक धातुरोधक स्ट्रेन मानलं गेलं. १९८५ साली त्याच्यावरचा जो पायाभूत शोधनिबंध आला, त्याच्या शीर्षकातही हेच नाव आहे.

आज मागे वळून याला चूक म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. त्या काळात जिवाणूंचं वर्गीकरण मुख्यतः आकार, कशाभिका (पोहण्यासाठीचे शेपटीसारखे धागे), खाणंपिणं आणि काही रासायनिक चाचण्यांवर चालायचं. त्या चाळणीतून सीएच३४ जिथे पडायला हवा तिथेच पडला. चाळणीची भोकं मोठी होती, एवढंच.

शिवाय नाव बरोबर नसल्याने कुणाचं कामही अडत नव्हतं. अभ्यासकांना हवी होती ती रोधकतेची यंत्रणा.

दोन प्लाझ्मिड आणि एक नसलेला गुण

१९८५ च्या त्या निबंधात कळीची गोष्ट होती ती सीएच३४च्या दोन मोठ्या प्लाझ्मिडांची. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचं, स्वतंत्रपणे प्रती काढणारं डीएनएचं कडं. यातल्या एकाचं नाव पीएमओएल२८ आणि दुसऱ्याचं पीएमओएल३०. पीएमओएल३०वर ‘सीझेडसी’ ही जनुकांची जुळणी आहे आणि हे नाव कोबाल्ट, झिंक आणि कॅडमियम यांच्या अक्षरांवरून आलं आहे. पीएमओएल२८वर ‘सीएनआर’ आहे, कोबाल्ट आणि निकेलसाठी.

सीझेडसी काय करतं ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. ही तीन प्रथिनांची मिळून एक मोट आहे. एक प्रथिन आतल्या पटलात बसतं, दुसरं बाहेरच्या पटलात, आणि तिसरं या दोघांना मधल्या जागेत जोडतं. बाहेरचे प्रोटॉन आत येताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर ही मोट चालते आणि धातूचे आयन पेशीबाहेर फेकत राहते. जिवाणू जस्त ‘पचवतो’ किंवा ‘नष्ट करतो’ असं वाचायला मिळतं, ते चुकीचं आहे. जस्त हे मूलद्रव्य आहे, ते नष्ट होत नाही. सीएच३४ ते सतत उपसून बाहेर टाकतो. होडीत पाणी शिरत असताना बादलीने उपसत बसणाऱ्या नावाड्यासारखं त्याचं काम.

आता मुद्दा. ही दोन्ही प्लाझ्मिडं काढून टाकता येतात. तसा प्लाझ्मिडविरहित स्ट्रेन बनवला गेला आणि त्याला एई१०४ म्हणतात. त्याची जस्त सोसण्याची मर्यादा १२ मिलिमोलवरून एका मिलिमोलच्याही खाली आली. बाकी सगळं तसंच: तोच आकार, तोच हायड्रोजन, तेच गुणसूत्र. प्लाझ्मिड दुसऱ्या जिवाणूकडे जाऊही शकतं.

म्हणजे ज्या गुणामुळे सीएच३४ मुळात प्लेटवर दिसला, तो गुण त्याच्या अंगावरच्या कोटासारखा आहे. कोट काढता येतो, दुसऱ्याला देता येतो, दुसऱ्याकडून घेताही येतो. कोटावरून माणूस ओळखू नये हे कुणालाही पटेल. पण ज्या प्लेटवर कोटवालेच जगतात, तिथे उभं राहून हे लक्षात ठेवणं अवघड असतं. (पुढे २०१० मध्ये संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा गुणसूत्रांवरही धातुरोधकतेची बरीच जनुकं आढळली. तेव्हा सगळा पराक्रम प्लाझ्मिडांचाच, असंही नाही. पण जस्ताच्या बाबतीतला मोठा वाटा त्यांचाच.)

यातून एक फसवं वर्तुळ तयार होतं. १९९० साली लुडो डील्स आणि मेर्जे यांनी धातूंनी फार दूषित झालेल्या मातीतले रोधक जिवाणू हुडकण्यासाठी डीएनएचे ‘प्रोब’ वापरले. सीएच३४च्या रोधकतेच्या जनुकांचे तुकडे गळासारखे टाकायचे आणि कोणत्या कॉलनीत जुळणारा डीएनए लागतो ते पाहायचं. पद्धत उत्तम, आणि तिने कामही केलं. पण असा गळ जे पकडतो ते रोधकतेच्या जनुकांचे नातेवाईक. ती जनुकं बाळगणारे जिवाणू एकमेकांचे नातेवाईक आहेत की नाहीत, हे गळ सांगत नाही. धातूंच्या प्लेटवर वाढलेले आणि प्रोबला जुळलेले स्ट्रेन एका पेटीत ठेवून ‘सीएच३४सारखे’ अशी चिठ्ठी लावली, तर त्या पेटीत एक जाती आहे की तीन, हे चिठ्ठी वाचून कळणार नाही.

पेट्या मात्र भरत गेल्या. बेल्जियमच्या ईशान्येला कांपीन नावाचा वालुकामय प्रदेश आहे आणि त्यात लोमेल हे गाव. तिथे जस्ताच्या जुन्या कारखान्याने आसपासच्या जमिनीची अशी अवस्था केली की काही भागात वर्षानुवर्षं गवतही उगवेना. तिथल्या मातीतून असे स्ट्रेन निघाले. काँगोमधल्या कटांगाच्या खाणपट्ट्यातूनही निघाले.

३१ स्ट्रेन, एक निबंध

मधल्या काळात अल्कॅलिजेनीस युट्रोफसचं घरच हललं. १९९५ मध्ये याबुउची आणि सहकाऱ्यांनी राल्स्टोनिया ही नवी प्रजाती मांडली आणि युट्रोफस तिच्यात गेला. सीएच३४ नुसताच सामानाबरोबर गेला आणि राल्स्टोनिया युट्रोफा झाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

ते काम झालं २००१ मध्ये. योहान गोरिस आणि सहकाऱ्यांनी औद्योगिक जागांमधून मिळालेले ३१ धातुरोधक स्ट्रेन एकत्र घेतले आणि त्यांची ‘पॉलिफेझिक’ तपासणी केली. या भारदस्त शब्दाचा अर्थ साधा आहे: एका साक्षीदारावर विसंबायचं नाही, अनेकांना विचारायचं आणि त्यांच्या जबान्या जुळतात का ते पाहायचं. लेखकांच्या यादीत मेर्जेही आहेत. ज्याने जिवाणू काढला तोच पंचवीस वर्षांनी त्याच्या बारशालाही हजर, असा योग विरळाच.

पहिला साक्षीदार १६एस आरएनएचं जनुक. सुमारे १,५०० अक्षरांचं हे जनुक प्रत्येक जिवाणूत असतं आणि फार सावकाश बदलतं, म्हणून दूरची नाती लावायला ते चांगलं. त्याने सांगितलं की सगळे ३१ स्ट्रेन बीटा-प्रोटिओबॅक्टेरिया या जिवाणूंच्या मोठ्या गटातल्या राल्स्टोनियाच्या फांदीवर बसतात. ठीक. पण त्या फांदीवरची कुठली डहाळी, हे सांगताना हा साक्षीदार पुटपुटायला लागतो. १९९४ पासून ढोबळ नियम असा होता की या जनुकात ९७ टक्क्यांपेक्षा कमी साम्य असेल तर जाती नक्की वेगळी. १,५०० अक्षरांत तीन टक्के म्हणजे ४५ फरक. याचं उलट मात्र खरं नाही. साम्य ९७च्या वर असेल तर जाती एक असू शकते किंवा वेगळीही. नवशिक्यांचा पाय हमखास इथे घसरतो: संगणकावर ‘९९ टक्के जुळणी’ दिसली की समोर आलेलं नाव वहीत उतरतं. (२००६ मध्ये ही रेघ ९८.७ ते ९९ टक्क्यांवर नेली गेली. त्या हिशेबाने वीसएक अक्षरांचा फरकही पुरेसा संशयास्पद. पण रेघ कुठेही ओढली तरी ती एकाच दिशेने चालते.)

दुसरा साक्षीदार पेशीतली सगळी प्रथिनं. ती काढून जेलमध्ये विजेच्या दाबाखाली पळवायची. लहान प्रथिनं पुढे जातात, मोठी मागे राहतात, आणि रंगवल्यावर प्रत्येक स्ट्रेनची आडव्या पट्ट्यांची एक शिडी दिसते. एका जातीच्या शिड्या शेजारीशेजारी ठेवल्या की नजरेलाच कळतं. अट एकच: सगळे स्ट्रेन एकाच माध्यमावर, एकाच तापमानाला, एकाच वयाचे वाढवलेले हवेत. एकाला जस्त घातलं आणि दुसऱ्याला नाही, तर रोधकतेची प्रथिनं एकीकडेच उमटतील आणि तुम्ही जातीऐवजी जेवणातला फरक मोजत बसाल. पेशीतली मेदाम्लंही मोजली गेली, आणि त्या मोजणीलाही हीच अट.

तिसरा आणि निर्णायक साक्षीदार म्हणजे डीएनए-डीएनए संकरण. दोन जिवाणूंचा डीएनए तापवून त्याचे पदर सुटे करायचे, मग एकाचे पदर दुसऱ्याच्या पदरांशी जुळू द्यायचे आणि किती जुळतात ते मोजायचं. १९८७ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने रेघ आखली होती: साधारण ७० टक्के किंवा अधिक जुळलं तर एक जाती. ही चाचणी करणाऱ्यांचा जीव ती नकोसा करते. तापमान एका अंशाने चुकलं किंवा डीएनए पुरेसा शुद्ध नसला तर आकडा हलतो. शिवाय प्रत्येक जोडीची तुलना वेगळी करावी लागते. ३१ स्ट्रेन प्रत्येकी प्रत्येकाशी ताडायचे तर ४६५ जोड्या होतात. म्हणून शहाणी माणसं आधी प्रथिनांच्या शिड्यांवरून गट पाडतात आणि प्रत्येक गटातले निवडक प्रतिनिधीच या चाचणीला बसवतात.

जबान्या जुळल्या. ३१ पैकी १७ स्ट्रेनचा एक गट पडला आणि ८ स्ट्रेनचा दुसरा. दोन्ही गट एकमेकांपासून वेगळे आणि ज्ञात राल्स्टोनिया जातींपासूनही वेगळे. उरलेले ६ आधीच माहीत असलेल्या राल्स्टोनिया बॅसिलेन्सिस या जातीचे निघाले आणि त्यामुळे त्या जातीचं वर्णनही दुरुस्त करावं लागलं. निवळण टाकीतला आपला सीएच३४ सतराजणांच्या गटात होता.

तेव्हा पेटीत एक जाती नव्हती, तीन होत्या. सगळ्यांच्या अंगात कोट, माणसं निराळी. अभ्यासकांचं जे काम पंचवीस वर्षं अडलं नव्हतं, ते आता मागे जाऊन तपासावं लागणार होतं. युट्रोफाच्या नावावर जमा झालेली सीएच३४ची धातूंबद्दलची निरीक्षणं युट्रोफाची नव्हतीच. एच१६ आणि सीएच३४ या दोन वेगळ्या जाती होत्या.

आठजणांच्या गटाला नाव मिळालं राल्स्टोनिया कांपिनेन्सिस, कांपीन प्रदेशावरून. सतराजणांना राल्स्टोनिया मेटॅलिड्युरन्स. लॅटिनमध्ये मेटॅलम म्हणजे धातू आणि ड्युरन्स म्हणजे सोसणारा. या नावाबद्दल माझी थोडी तक्रार आहे. जो गुण जातीची ओळख ठरवायला नालायक आहे असं याच संशोधनातून दिसलं, तोच नावात आला. शेजारच्या कांपिनेन्सिसही धातू सोसतातच. पण नावाने वर्णन अचूक करावं असा नियम नाही. ते वेगळं असावं आणि रीतीने दिलेलं असावं, एवढंच नियम मागतो. आणि लक्षात राहण्याच्या बाबतीत हे नाव फार उजवं आहे, हे कबूल करायला हवं.

रीत म्हणजे काय? नवी जाती जाहीर करताना एक स्ट्रेन ‘टाइप’ म्हणून नेमावा लागतो. पुढे कधीही वाद झाला तर त्या जातीचं नाव त्या स्ट्रेनला चिकटलेलं असतं. तो जिवंत स्वरूपात सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो आणि आजच्या नियमाप्रमाणे किमान दोन वेगवेगळ्या देशांत. सीएच३४ हाच मेटॅलिड्युरन्सचा टाइप स्ट्रेन. बेल्जियममध्ये गेंटच्या संग्रहात त्याचा क्रमांक एलएमजी ११९५ आणि जर्मनीच्या संग्रहात डीएसएम २८३९.

बारसं झाल्यावरची दोन नावं

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. २००४ मध्ये वानेख्हाउटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की राल्स्टोनिया प्रजातीतच दोन घराणी आहेत. राल्स्टोनिया पिकेटी या जातीच्या घराण्याला कशाभिका टोकाला असतात, ते साखरेपासून आम्ल बनवतं आणि कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही. युट्रोफाच्या घराण्याला कशाभिका अंगभर, ते आम्ल बनवत नाही आणि कोलिस्टिनने मरतं. १६एसमध्येही दोघांत चार टक्क्यांहून जास्त अंतर. तेव्हा दुसऱ्या घराण्यासाठी जॉर्ज वॉटर्स यांच्या नावावरून वॉटर्सिया ही नवी प्रजाती आली आणि सीएच३४ वॉटर्सिया मेटॅलिड्युरन्स झाला.

त्याच वर्षी पीटर वांडाम आणि टॉम कूनी यांच्या लक्षात एक गोष्ट आली. १९८७ मध्ये मक्कर आणि कसिडा यांनी मातीतल्या एका जिवाणूचं वर्णन केलं होतं. तो दुसऱ्या जिवाणूंची शिकार करायचा आणि तांबं मिळालं की जोमाने वाढायचा. म्हणून त्याचं नाव कप्रियाव्हिडस नेकेटर: तांब्याचा लोभी, मारेकरी. डीएनए ताडून पाहिला तेव्हा हा नेकेटर आणि वॉटर्सिया युट्रोफा एकच जाती निघाली. एकाच गोष्टीला दोन रीतसर प्रजातीनावं असतील तर आधीचं टिकतं. १९८७ विरुद्ध २००४. वॉटर्सिया काही महिन्यांतच मागे पडलं आणि सगळं घराणं कप्रियाव्हिडस झालं.

सीएच३४ची नावं मोजू या: अल्कॅलिजेनीस युट्रोफस, राल्स्टोनिया युट्रोफा, राल्स्टोनिया मेटॅलिड्युरन्स, वॉटर्सिया मेटॅलिड्युरन्स, कप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्स. यातला एकच बदल, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाण्याचा, सीएच३४ला स्वतःला तपासून झाला. बाकीचे घराच्या पाटीवरचे.

आज हेच करायचं झालं तर

आज दूषित मातीतून असा जिवाणू मिळाला तर पंचवीस वर्षं लागणार नाहीत. संपूर्ण जनुकसंच वाचणं स्वस्त झालं आहे. दोन जनुकसंच ओळीने ताडायचे, सरासरी साम्य काढायचं आणि ९५-९६ टक्क्यांच्या खाली असेल तर जाती वेगळी मानायची. ही रेघ जुन्या ७० टक्क्यांच्या संकरणाशी जुळते हे दाखवणाऱ्या २००७ च्या निबंधाचे पहिले लेखकही योहान गोरिसच. संकरणाच्या त्या कटकटीतून गेलेल्या माणसाने तिची सुट्टी केली, हे मला फार आवडतं.

संगणक मात्र बाकीची सगळी कामं करत नाही. मातीतून काढलेला स्ट्रेन धातूविना पुन्हापुन्हा वाढवून शुद्ध आहे ना ते पाहावं लागतं. पण धातूविना फार पिढ्या गेल्या तर प्लाझ्मिड गळण्याचा धोका असतो, म्हणून मूळ नमुना उणे ८० अंशांत लगेच ठेवलेला बरा. वाढीचं तापमान तपासताना तर सीएच३४ने चांगलाच धडा दिला आहे. ३७ अंशांवर वाढतो का, ही नेहमीच्या यादीतली चाचणी. सीएच३४ला ३७ अंशांवर ठेवलं की बहुतेक पेशी मरतात, मोजक्या जगतात आणि जगलेल्यांत उत्परिवर्तनांचं प्रमाण विलक्षण असतं. रकान्यात ‘वाढतो’ असं लिहून त्याच प्लेटवरची कॉलनी पुढच्या चाचण्यांना घेतली, तर आपण दुसऱ्याच कुणाची तरी जबानी घेत असतो.

आणि १६एसचा मोह अजून सुटलेला नाही. २००६ मध्ये फ्रँक राइथ आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या दोन ठिकाणच्या सोन्याच्या कणांवर जिवाणूंचा पातळ थर असल्याचं दाखवलं. ज्या कणांवर डीएनए मिळाला त्या सगळ्यांवर राल्स्टोनिया मेटॅलिड्युरन्सशी ९९ टक्के जुळणारा १६एसचा क्रम होता आणि आजूबाजूच्या मातीत तो नव्हता. निरीक्षण सुंदर आहे आणि निबंधात ‘९९ टक्के साम्य’ असंच जपून लिहिलं आहे. नाव मात्र दोन वर्षांपूर्वी बदललेलं, अजून जुनंच. पुढे हे दुसरीकडे सांगितलं जाताना साम्य गळून पडलं आणि ‘सोन्यावर मेटॅलिड्युरन्स राहतो’ असं सरसकट विधान उरलं. त्या कणांवरचा तो जिवाणू मेटॅलिड्युरन्स असेलही. पण १,५०० अक्षरांत पंधरा फरक असताना हे १६एसवरून ठरत नाही. सोन्याच्या विषारी आयनांचं हा जिवाणू काय करतो, हे २००९ मध्ये त्याच गटाने तपासलं तेव्हा सीएच३४च वापरला. तोवर निबंधाच्या शीर्षकातलं नावही बदललं होतं: कप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्स.